सव्वा वर्षाच्या लेकीला घेऊन नाक्सोस आणि पारोस

ग्रीसच्या बेटांवर लहान मूल घेऊन जावं का, हे शोधायला बसलं की जे हाती लागतं ते बहुतेक लंडन नाहीतर न्यूयॉर्कहून गेलेल्या आईबापांनी लिहिलेलं असतं. त्यांना व्हिसा काढावा लागत नाही, जन्मदाखल्यावर बाळाचं नाव चढलंय का हे बघावं लागत नाही, आणि साजूक तुपाची बरणी बॅगेत भरायची की नाही हा प्रश्न तर त्यांना पडतच नाही. आम्ही पुण्याहून गेलो. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी निघालो तेव्हा लेक सव्वा वर्षाची होती. नुकतीच चालायला लागलेली, अंगावरचं दूध अजून चालू, वरणभात बऱ्यापैकी खाणारी. निघण्याआधीचे काही महिने मी फार धास्तावलेली होते. तेव्हा मला जे वाचायला मिळायला हवं होतं, ते आता सविस्तर लिहिते आहे.

बेत ठरत होता तो जानेवारी-फेब्रुवारीत. मनात अर्थातच सान्तोरिनी होतं, कारण ग्रीस म्हटलं की फोटो तिथलेच दिसतात. नेमकं तेव्हाच सान्तोरिनी आणि आमोर्गोस यांच्या मधल्या समुद्रात भूकंपांची मालिका सुरू झाली. ६ फेब्रुवारीला सान्तोरिनीवर आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद झाल्या, हजारो लोक बेट सोडून गेले. आम्ही नकाशा घेऊन पुन्हा बसलो आणि तेव्हा लक्षात आलं की भूकंप बाजूला ठेवला तरी ते बेट आमच्या कामाचं नव्हतं. गावं कड्यावर, जिकडेतिकडे पायऱ्या, एकट्या ‘फिरा’ या तिथल्या मुख्य गावापासून खालच्या जुन्या बंदरापर्यंतच जवळजवळ सहाशे. बाबागाडी तिथे नुसती उचलून फिरवावी लागली असती.

नाक्सोस हे किक्लादेस बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. बंदर, गाव, बाजार, दवाखाना आणि उथळ वाळूचा किनारा हे सगळं पायी जाण्याच्या अंतरात. शेजारी पारोस, मोठ्या बोटीने पाऊणएक तासावर. तेवढी दोनच बेटं करायची असं ठरलं. ओळखीतले बरेच जण म्हणाले, एवढ्या लांब जाताय तर चार-पाच तरी करा. मूल दोन वर्षांखालचं असेल तर हे ऐकू नका. बेट बदलायचा दिवस म्हणजे बांधाबांध, धक्क्यावरची वाट बघणं, बोट, नवी खोली, नवा पाळणा आणि मुलाची मोडलेली झोप. त्याची भरपाई व्हायला पुढचा दिवस जातो.

पहिलं काम पासपोर्टचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता जन्मदाखलाच लागतो, आणि त्यावर मुलाचं नाव असायला हवं. आपल्याकडे दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बारसं झालेलं नसतं. त्यामुळे नावाची जागा कोरी राहते आणि नंतर महापालिकेत जाऊन नाव चढवून घ्यावं लागतं. आमचं ते काम आधीच झालं होतं म्हणून वेळ वाचला. ऑनलाइन अर्ज भरला, आम्हा दोघांच्या सह्यांचं ‘अनेक्शर डी’ हे संमतीपत्र जोडलं. शुल्क १००० रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सूट, म्हणजे ९०० पडले. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत, आपण न्यावा लागतो. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, चेहरा समोर. स्टुडिओत तिला मांडीवर घेऊन बऱ्याच वेळाने तो एक फोटो मिळाला. घरी पलंगावर पांढरी चादर अंथरून, मुलाला उताणं झोपवून वरून काढलेला फोटोही चालतो, फक्त सावली पडायला नको. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात लहान मूल बघून आम्हाला लवकर आत घेतलं. आमचे दोघांचे पासपोर्ट चालू होते आणि त्यांवर एकमेकांची नावं होती. लेकीची पोलीस पडताळणी झाली नाही आणि दोनएक आठवड्यांत पासपोर्ट घरी आला. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो.

मग शेंगेन व्हिसा, म्हणजे ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण खरी अडचण व्हिसा केंद्रात भेटीची वेळ मिळण्याची असते. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनाच युरोप आठवतो. मार्चभर मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडून बघायचे, शेवटी एप्रिलच्या मध्यातली तारीख मिळाली. मोठ्यांचं शुल्क ९० युरो, सहा वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही, मात्र केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. तेव्हा युरो ९६-९७ रुपयांच्या घरात होता.

कागद असे जमवले: सहा महिन्यांचं बँकेचं खातेपत्रक शिक्क्यासह, आयकर विवरणपत्रं, दोघांच्या कार्यालयांची रजेची पत्रं, विमानाचं आणि खोल्यांचं बुकिंग, प्रवासविमा, विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखला. विमा माणशी निदान ३०,००० युरोंचा लागतो आणि त्यात बाळाचंही नाव असावं लागतं. बाळाचा अर्ज वेगळा, त्यावर सह्या आईवडिलांच्या. रोजचा कार्यक्रम तारखेनिशी लिहून दिला होता, कोणत्या तारखेला कोणत्या बंदरातून बोट, हेसुद्धा. बेटांवर जाणाऱ्यांनी हे नक्की करावं, नाहीतर अथेन्सची खोली अमुक तारखेला संपते आणि नाक्सोसची तमुक तारखेला सुरू होते यांतला दुवा कागदावर दिसत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. तरी आम्ही लेकीला मुंबईच्या व्हिसा केंद्रात बरोबर नेलं. आत पाणी, खाऊ न्यायला मज्जाव होता, पण बाळाची बाटली आणि वाटी नेऊ दिली.

त्यानंतरची वाट बघणं मला सगळ्यात जड गेलं. पासपोर्ट तिकडे, विमानाचे पैसे भरलेले, आणि स्थिती दाखवणाऱ्या पानावर तेच एक वाक्य. मेच्या पहिल्या आठवड्यात तिघांचे पासपोर्ट आले. पाकीट फोडल्यावर आधी लेकीच्या पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख आणि व्हिशाच्या तारखा नीट तपासा. चूक असेल तर ती सुधारून घ्यायची वेळ तीच.

निघायच्या दोन दिवस आधी, २२ मेच्या पहाटे, क्रीटच्या उत्तरेला समुद्रात ६ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. आईचा फोन आला, “अगं, पुढच्या वर्षी जा, बेटं काय पळून जातायत?” मोठं नुकसान झाल्याची बातमी नव्हती, आणि ग्रीसमध्ये भूकंप नवे नाहीत हे एव्हाना वाचून ठाऊक झालं होतं. तरीही त्या रात्री मी झोपलेल्या लेकीकडे बघत बराच वेळ जागी होते. जाण्याचा निर्णय आम्ही दोघांनी मिळून सकाळी घेतला. ग्रीसमध्ये फोनवर धोक्याच्या सूचना येतात, त्या सुरू ठेवल्या. तातडीचा क्रमांक ११२, रुग्णवाहिकेचा १६६, हे दोन्ही फोनवर आणि कागदावर लिहून ठेवले.

आता तूप. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तूप त्यातच येतं. खवा, पनीर, बर्फी, सगळंच. बाळाची दूध पावडर आणि पाकीटबंद शिशुआहार मात्र माणशी दोन किलोपर्यंत चालतो, फक्त पाकीट सील असावं आणि ते थंड ठेवावं लागणारं नसावं. म्हणून आम्ही नेलं ते असं: नाचणीचं सत्त्व, मूगडाळ, तांदूळ, मेतकूट, जिरं-हिंग आणि एक छोटासा विजेवरचा कुकर. या कुकरने आमची सहल तारली. तिथल्या सुपरमार्केटात लोणी उत्तम मिळतं, तुपावाचून लेकीचं काही अडलं नाही. डायपर एका आठवड्यापुरते नेले, पुढचे तिथे घेतले. बेबिलिनो नावाचा ग्रीक ब्रँड सगळीकडे दिसतो आणि चांगला आहे. माप वजनावर असतं, त्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही.

विमान मुंबईहून रात्रीचं, दोहामार्गे. दोन वर्षांखालच्या बाळाचं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या दहाएक टक्के पडलं, जागा मांडीवरची. पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा मागितला होता, तो मिळाला. पाळण्याला वजनाची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. विमान हलायला लागलं की बाळाला उचलून घ्यायला सांगतात, म्हणजे झोप तिथेच मोडते. चढताना आणि उतरताना अंगावर पाजलं, कानाचा त्रास झाला नाही. अथेन्सला दुपारी पोचलो.

बोट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराची होती. म्हणून अथेन्स शहरात न राहता सरळ पायरियसला, बंदराजवळ खोली घेतली. विमानतळावरून मेट्रोची तीन नंबरची लाइन थेट पायरियसपर्यंत जाते, तिकीट ९ युरो, सहा वर्षांखाली मोफत. तासभर लागतो, लिफ्ट आहेत. पायरियस शहर काही देखणं नाही, पण पहाटे बाळाला उठवून तास-दीड तास प्रवास करण्यापेक्षा दहा मिनिटं चालत जाणं कितीतरी बरं. बंदर अवाढव्य आहे. फाटकं ई-१ ते ई-१२ अशी, एका टोकापासून दुसरं टोक पायी गाठणं बाबागाडीसह तरी शक्य नाही. नाक्सोस-पारोसकडच्या मोठ्या बोटी ई-७ च्या बाजूला लागतात, मेट्रोच्या स्टेशनपासून जवळ. आदल्या संध्याकाळी आम्ही फिरायला म्हणून तिथवर जाऊन वाट बघून आलो.

बोटीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझी सगळ्यात मोठी भीती तीच होती. दोन प्रकारच्या बोटी असतात. वेगवान कॅटामरान साडेतीन तासांच्या आसपास नाक्सोसला पोचवतात. त्यांत आपापल्या जागी बसायचं, बाहेर मोकळ्या हवेत फिरायला बहुधा मिळत नाही, आणि वारा असला की त्या फार आपटतात. मोठ्या बोटी पाच-साडेपाच तास घेतात, पण त्या अनेक मजली जहाजंच असतात. उघडे डेक, उपाहारगृह, लिफ्ट, सोफे, डायपर बदलायची सोय. भाडंही कमी, आमचं माणशी पन्नास युरोंच्या आत. आम्ही ब्लू स्टार कंपनीची मोठी बोट घेतली. पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही, पण तिकीट मात्र काढावंच लागतं. शून्य युरोचं तिकीट, त्यावर मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच. बोटीवरच्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली जाते, कडेवरच्या बाळाचीसुद्धा. डेकवरच्या सर्वांत स्वस्त तिकिटात जागा ठरलेली नसते. थोडे युरो जास्त देऊन क्रमांकाची खुर्ची घ्या. आम्ही घेतली होती. लेक तीवर फारशी बसली नाही, पण तिला झोपवायला आणि आमच्या पिशव्यांना एक हक्काचं ठिकाण झालं.

चढायचं असतं ते गाड्यांच्या तळमजल्यातून. एकाच उतारावरून ट्रक, मोटारसायकली आणि माणसं आत जातात. कडेला लोखंडी मांडण्यांवर बेटांची नावं लावलेली असतात, आपल्या बेटाच्या मांडणीवर मोठ्या बॅगा ठेवायच्या आणि वर जायचं. डायपर, औषधं, कपड्यांचा एक जोड, टोपी आणि खाणं वरच ठेवा. प्रवास सुरू झाल्यावर खाली जायला देत नाहीत. बाबागाडी आम्ही घडी करून वर नेली. पायरियस मागे पडलं, लेकीने डेकवर नवऱ्याचं बोट धरून दोन फेऱ्या मारल्या, वाऱ्याने टोपी उडाली म्हणून रडली, मग दूध पिऊन वाटेतलं पारोस येईपर्यंत झोपली. अंगावर पाजताना कुणी वळून पाहिलं नाही. शेजारच्या आजींनी तर न विचारता आपली शाल माझ्या पाठीमागे उशीसारखी लावून दिली.

उतरणं मात्र चढण्यापेक्षा अवघड. बंदर यायच्या पंधरा मिनिटं आधी पुकारा होतो आणि सगळे त्या बेटाचे प्रवासी जिन्याने तळमजल्यात उतरतात. खाली दिवे मिणमिणते, इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास, मालमोटारी सुरू होऊन उभ्या. मग समोरची अख्खी भिंत साखळ्यांच्या खडखडाटासह हळूहळू खाली झुकते आणि त्या अंधारात एकदम पांढरं ऊन शिरतं. बोट धक्क्याला जेमतेम काही मिनिटं थांबते. आवाजाने लेक दचकून मला घट्ट बिलगली. ती कापडी कॅरिअरमध्ये माझ्या छातीशी बांधलेली होती, दोन्ही हात मोकळे होते. एकाने बाळ बांधून घ्यावं आणि बॅगांना हात लावू नये, दुसऱ्याने सगळ्या बॅगा घ्याव्यात, ही वाटणी आम्ही शेवटच्या बोटीपर्यंत पाळली. बाबागाडी तळमजल्यात उघडू नका, उतारावर साखळ्या आणि खाचा असतात.

नाक्सोसला खोली आयोस योर्योस किनाऱ्याच्या मागच्या गल्लीत होती. मागितलेला पाळणा आधीच मांडून ठेवला होता. तिथे पोचल्यावर भाड्याशिवाय एक शासकीय कर भरावा लागतो, दर रात्री दर खोलीमागे. एप्रिल ते ऑक्टोबर साध्या खोल्यांना २ युरो, तीन तारांकित हॉटेलला ५, चार तारांकितला १०, पंच तारांकितला १५. घर म्हणून भाड्याने दिलेल्या जागांना बहुधा ८. जास्त दिवस राहणाऱ्यांनी हा आकडा हिशेबात धरलेला बरा. आणखी एक: संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा. सांडपाण्याचे जुने नळ बारीक असतात. पिण्याचं पाणी आम्ही बाटलीबंदच घेतलं, लेकीचा भातही त्याच पाण्यात शिजवला.

किनारा फार उथळ आहे. बरंच आत गेलं तरी पाणी माझ्या गुडघ्याशीच. मेअखेरीस पाणी गारच असतं. लेक पहिल्या दिवशी पाय आखडून घेत होती, तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतःहून बसायला लागली. अंगभर कपडा, मानेवर पट्टी असलेली टोपी, सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. छत्री-खुर्च्यांचे पैसे न देता तिथली माणसं झाऊसारख्या बुटक्या झाडांच्या सावलीत चटई टाकतात, आम्हीही तेच केलं. खडकाळ जागी समुद्री साळू असतात, त्यांचे काटे पायात मोडतात, म्हणून मुलाच्या पायात रबरी चपला असू द्या.

दुपारी तीन ते साडेपाच ग्रीसमध्ये शांततेची वेळ असते, उन्हाळ्यात ती कायद्यानेच ठरवलेली आहे. दुकानं बंद, गल्ल्या ओस. लेकीची झोपही तीच. भारतापेक्षा घड्याळ अडीच तास मागे, त्यामुळे सुरुवातीला ती पहाटे चारला उठून खेळायची, मग दुपारची ही झोप आणि रात्रीचा उशीर यांत हळूहळू बसली. रात्री नऊ-दहाला चौकात लहान मुलं सायकली फिरवत असतात, आईबाप जेवत असतात, कुणी कुणाला झोपवायच्या घाईत नसतं. मूल रडलं, भात सांडला, तरी खानावळीत कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

खाण्याची चिंता मी फुकट वाहिली होती. ‘फावा’ म्हणून एक पदार्थ मिळतो, पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. आपलं घट्ट वरणच. कांदा बाजूला काढून लेक वाटीभर खायची. चण्यांची रेवीथिया, पांढऱ्या घेवड्याची फासोलादा, तांदळाची खीर रिझोगालो, घट्ट दही, नाक्सोसचे बटाटे आणि तिथलंच ग्राविएरा चीज. शाकाहारी घरातलं मूलही आरामात पोसलं जातं. दह्यावर मध घालून देण्याची पद्धत आहे, तुमचं बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मध नको हे स्पष्ट सांगा. भाज्यांत मीठ आपल्यापेक्षा जास्त वाटलं, म्हणून एक जेवण नेहमी कुकरमधल्या मूगडाळ-भाताचं.

गावांत जायला दोन दिवस गाडी घेतली. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो पुण्यात आरटीओतून निघतो, शुल्क हजार रुपयांच्या आसपास, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही बरोबर ठेवा. बाळाची सीट आधी सांगून ठेवा आणि ती ताब्यात घेताना पट्टे स्वतः ओढून बघा. आम्हाला दिलेली पहिली सीट नीट घट्ट बसत नव्हती, बदलून मागितली आणि मिळाली. घाटरस्ते वळणावळणाचे आहेत, लेकीला एकदा उलटी झाली. त्यानंतर खाल्ल्यावर तासभर थांबूनच निघायचो.

आपेरान्थोस हे डोंगरातलं गाव, गल्ल्या संगमरवरी फरशीच्या. तिथे एका कॉफीच्या दुकानाबाहेर काळ्या कपड्यांतल्या एक आजी बसल्या होत्या. लेकीच्या गालावर मी नेहमीप्रमाणे काजळाची तीट लावलेली होती. आजींनी बोटाने ती दाखवून माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी डोळ्याकडे बोट दाखवलं, कपाळाशी मुठी ओवाळून कानशिलावर मोडल्या. त्या मोठ्याने हसल्या आणि लेकीच्या दिशेने तीनदा “फ्तू, फ्तू, फ्तू” केलं. दृष्ट लागू नये म्हणून तिथे असंच करतात. नंतर त्यांनी गळ्यातली निळ्या डोळ्याची माळ बाहेर काढून दाखवली. पुढचा अर्धा तास लेक त्यांच्या मांडीवर होती आणि मी दोन्ही हातांनी गरम कॉफी प्यायले.

नाक्सोसच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला तिला ताप आला. रात्री अकराला अंग तापलेलं, थर्मामीटर ३९ अंश सेल्सिअसच्या वर. पॅरासिटामॉल बरोबर होतं. निघण्याआधी आमच्या डॉक्टरांकडून डोस मिलीग्रॅममध्ये लिहून घेतला होता, वजनाप्रमाणे. हे प्रत्येकाने करावं, कारण आपल्याकडेच पाच मिलीला १२० आणि २५० अशा वेगवेगळ्या ताकदींची औषधं मिळतात. परदेशातली बाटली हातात आल्यावर ‘एक चमचा’ या सूचनेचा काही उपयोग नसतो. रात्रभर आम्ही आळीपाळीने बसलो, ओल्या फडक्याने अंग पुसलं, दर थोड्या वेळाने पाजलं. घरापासून इतक्या लांब, समुद्राच्या मधोमध, असं पहिल्यांदाच मनात आलं आणि पोटात खड्डा पडला.

सकाळी खोलीच्या मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच बालरोगतज्ज्ञांना फोन लावून अकराची वेळ घेतली. डॉक्टरांना इंग्रजी छान येत होतं. घसा लाल, विषाणूचा ताप, पाणी-दूध भरपूर द्या, तीन दिवसांत उतरला नाही तर परत या, अँटिबायोटिकची गरज नाही. तपासणीचे ५० युरो, पावती मिळाली. फार्मसी म्हणजे हिरव्या क्रॉसचं दुकान. दुपारी आणि रात्री ती बंद असतात, पण रात्रपाळी कोणत्या दुकानाची हे प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. कागद ग्रीकमध्ये असतो, फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचता येतं. विम्याचं म्हणाल तर आमच्या पॉलिसीत सुरुवातीची ठरावीक रक्कम आपणच सोसायची अट होती, त्यामुळे एवढ्या छोट्या खर्चाचा दावा बसलाच नाही. पॉलिसी घेताना हा आकडा वाचा, आणि मोठं काही झालं तर दवाखान्यात जातानाच विमा कंपनीच्या क्रमांकावर कळवा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पारोसची बोट आम्ही दोन दिवस पुढे ढकलली होती. खोलीवाल्यांनी तारखा बदलून दिल्या, जूनच्या सुरुवातीला गर्दी कमी असल्यामुळेच ते जमलं.

पारोसला पारिकियामध्ये, बंदराजवळच राहिलो. लिवादिया किनारा जवळ, झाडांची सावली, उथळ पाणी. एकातोन्दापिलियानी हे प्राचीन चर्च पायी जाण्याजोगं, आतलं गार, लेक तिथे फरशीवर बसून मेणबत्त्या बघत राहिली. एक दिवस बसने पुंताला जाऊन समोरच्या आन्तीपारोस या छोट्या बेटावर गेलो. समुद्र ओलांडायला दहा मिनिटं. तिथली प्रसिद्ध गुहा सोडून दिली, चारशेच्या वर पायऱ्या आहेत. गावाजवळच्या प्सारालिकी किनाऱ्यावर दिवस घालवला. पारोसवरचं नौसा गाव सुंदर आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत त्या अरुंद गल्ल्यांतून बाबागाडी पुढे सरकत नाही. कॅरिअरच घ्या.

परतीच्या आदल्या दिवशी उत्तरेचा वारा सुरू झाला. वेगवान बोटी रद्द झाल्याचे निरोप शेजारच्या खोलीतल्या लोकांना आले. वारा ठरावीक जोरापलीकडे गेला की बंदराचे अधिकारी बोटींना निघू देत नाहीत, आणि छोट्या वेगवान बोटी आधी थांबतात. आमची मोठी बोट दीड तास उशिरा पण आली. डोलत होती, दोघा-तिघांना उलट्या झाल्या, लेक मात्र त्या डोलण्याने गाढ झोपली. त्याच वर्षी ९ एप्रिलला देशव्यापी संपात बोटी दिवसभर बंद होत्या हे वाचल्यामुळे आम्ही विमानाच्या आधी अथेन्समध्ये दोन रात्री मोकळ्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या एका दिवशी सकाळी आठला अॅक्रोपोलिसच्या प्राचीन टेकडीच्या पायथ्याशी फिरलो, बाकी वेळ नुसता आराम.

खर्चाचं सांगायचं तर सगळ्यात मोठा वाटा विमानाचा, त्याखालोखाल खोल्यांचा. स्वयंपाकघर असलेली खोली थोडी महाग पडली, पण रोजचं एक जेवण घरी झाल्यामुळे ते पैसे वसूल झाले. लेकीच्या नावावर वेगळा खर्च म्हणाल तर विमानाचं तिकीट, विमा, डायपर, सीटचं भाडं आणि डॉक्टर, एवढाच. बस, मेट्रो, बोट सगळं तिला फुकट होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर हाच बेत थोडा बदलावा लागेल. तेव्हा मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात असतो, ऊन चाळिशीकडे जाऊ शकतं आणि १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाच्या आसपास बोटी आणि खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. खोली वातानुकूलित आहे ना आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत ना ते विचारा, किनारा बेटाच्या दक्षिणेचा किंवा आडोशाचा निवडा, तिकिटं मोठ्या बोटीचीच काढा. आणि पायरियसला परतणारी बोट विमानाच्या आदल्या दिवशीची घेऊ नका, त्याच्याही आदल्या दिवशीची घ्या.